गवसमामा आणि मागचा डोंगर

गवसमामांची आणि माझी ओळख भांडणानेच झाली. मी शाळेत नवीन होते, प्रवेशाचे दिवस होते, आणि नवीन टीचरच्या नशिबी जे काम येतं ते माझ्या नशिबी आलं होतं. व्हरांड्यात मेज टाकून फॉर्म द्यायचे, भरून घ्यायचे आणि आईबापांच्या त्याच त्या प्रश्नांना हसून उत्तरं द्यायची. एप्रिलचा शेवट, वर पंखा नाही. साखळीहून एक जोडपं आलं होतं. सोबत चार वर्षांची मुलगी, तिच्या केसांत मी मोजल्या तर सहा क्लिपा. फॉर्म भरून झाला होता, बापाची सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात मागून खाकी शर्टातला एक काटकुळा माणूस आला. साठीला टेकलेला, पायांत चपला नाहीत. त्या बापाला तो अगदी हळू आवाजात म्हणाला,

"सही करूच्या आदी मागली बाजू बगलास?"

बापाला वाटलं मागे मैदान असेल, झोपाळे असतील. तिघंही त्याच्या मागून गेली. पाच मिनिटांनी परत आली ती माझ्या मेजाकडे नव्हे, थेट गेटाकडे. बाईनं जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला फसवायला बसले होते. मग काय, मी तिथल्या तिथे त्या माणसाला फैलावर घेतलं. तुम्ही कोण, मध्ये बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं, काय दाखवलंत त्यांना. तो म्हणाला, "डोंगर." मी म्हटलं, डोंगर काय दाखवायची वस्तू आहे? तो रांगेतल्या एका म्हातारीला पाणी द्यायला निघून गेला.

हे गवसमामा. शाळेचे शिपाई आणि वॉचमनही. घंटा त्यांच्याकडे, किल्ल्या त्यांच्याकडे, आणि बसमधून बालवाडीची पोरं एकेक करून उचलून खाली ठेवायचं कामही त्यांच्याकडेच. नवीन पोर पहिल्या दिवशी गळा काढतं तेव्हा आम्ही टीचर लोक चॉकलेटं दाखवतो, फुगे दाखवतो. मामा काहीच दाखवत नसत. पोराच्या शेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसत आणि गप्प राहत. पोर रडता रडता कंटाळायचं आणि त्यांच्याकडे बघायला लागायचं. मग ते विचारायचे, "झाला? की अजून आसा?" निम्मी पोरं तिथेच हसायची. सकाळी पोदेर सायकलवरून पाव टाकून गेला की मामा कोऱ्या चहात अर्धा पाव बुडवून खात आणि अर्धा शर्टाच्या खिशात ठेवत. कोणाचा डबा घरी राहिला, कोणाची आई आज आजारी, हे त्यांना वर्गशिक्षिकेच्या आधी कळायचं, आणि तो अर्धा पाव बरोबर त्या पोराच्या हातात पोचायचा.

आमची शाळा डिचोलीच्या बाहेर, रस्त्याला लागून. नाव सांगत नाही, मला अजून तिथे नोकरी करायची आहे. समोरून बघाल तर दृष्ट लागेल अशी. पिवळ्या भिंती, निळं गेट, दोन्ही बाजूंना बोगनवेल. मागे मात्र कुंपणापासून वीस पावलांवर डोंगर सुरू होतो. डोंगर म्हणतात ते बाहेरचे लोक. आम्ही त्याला डंप म्हणतो. खाणी जोरात होत्या तेव्हा लोखंडाचा दगड काढून घेऊन उरलेली लाल माती ट्रकांनी आणून वर्षानुवर्षं इथे ओतली. पुढे खाणी बंद झाल्या, ट्रक लोकांच्या दारात गंजले, डंपवर गवत आलं, अकेशिया आला, आणि बघता बघता त्याचा डोंगर झाला. हल्ली तर मोरसुद्धा येतात. आईबाप फोटो काढतात.

गवसमामा त्याला जन्मापासून ओळखत होते. म्हणजे त्याच्या जन्मापासून. ते मूळचे दोडामार्गाकडचे, तरुणपणी खाणीवर आले आणि बावीस वर्षं पंपावर होते. खाणीच्या खड्ड्यात भरणारं पाणी उपसून बाहेर टाकायचं, एवढंच काम. खाण बंद पडली, पंप भंगारात गेले, मामा आमच्या शाळेत आले. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघण्यातच आयुष्य गेलेला माणूस. ते सांगायचे, त्या डंपच्या पोटात दगड नाही, नुसती माती. आणि मातीखाली एक व्हाळ आहे, ओढा हो, तो त्यांनी स्वतः वाहताना बघितलाय. त्याच्यावरच माती ओतली. मी म्हटलं, मग एव्हाना आटला असेल. "व्हाळ मरणा नाय, टीचर," ते म्हणाले. "तो वाट सोदता."

ते डोंगराला डोंगर म्हणत नसत, डंपही म्हणत नसत. 'तो' म्हणत. घरातल्या एखाद्या तापट माणसाबद्दल बायका बोलतात ना, नाव न घेता, तसं. सकाळी सातला गेट उघडलं की आधी मागे जायचे. पावसाळ्यातही अनवाणीच, कारण पावलांना आधी कळतं म्हणे. कुंपणाशेजारी लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवलेली असायची, तिच्यात रात्रीचा पाऊस किती पडला ते बघायचे. मग स्टाफरूमच्या दारात येऊन सांगायचे, "आज तो गप आसा." किंवा, "आज तेका बरा नाय." आम्ही हसायचो. पण खरं सांगू, ते ऐकल्याशिवाय आमच्यातली एकही चहाला हात लावत नव्हती.

पोरांना तर तो खेळच झाला होता. मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीला कान लावून उभी राहायची आणि विचारायची, मामा, तो आज काय म्हणतो? मामा म्हणायचे, पाढे पाठ करा म्हणतो. पोरं ओरडत पळायची. मामा मात्र त्यानंतर थोडा वेळ तिथेच उभे असत, भिंतीवर तळवा ठेवून.

आता सगळं त्यांच्याच बाजूचं सांगत बसले तर खोटं होईल. मामा हट्टी होते. त्यांना समजावून सांगता यायचं नाही. एक वाक्य बोलणार आणि गप्प बसणार. समोरच्याला पटलं तर पटलं. अर्ज लिहा, पंचायतीत जा, खनिज खात्यात कोणाला तरी भेटा, असं मीच एकदा वैतागून सांगितलं, तर म्हणाले, गेलेलंय. पुढे काही नाही. गेले म्हणजे कुठे गेले, कोण काय बोललं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आणि दर वर्षी प्रवेश सुरू झाले की त्यांचं तेच. आमच्या हेडबाईंनी त्यांना व्हरांड्यात यायची बंदी केली, तर ते गेटावर विचारायला लागले. गेटावर दुसरा माणूस ठेवला, तर बसस्टॉपवर. दर वर्षी पाच-सहा फॉर्म त्यांच्यामुळे कोरे परत यायचे, आणि त्याचा जाब मला द्यावा लागायचा, कारण मेजावर मी. मला त्यांचा राग यायचा. वेडा म्हातारा म्हणणाऱ्यांत मीही होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे.

मग त्या काचा आल्या. मागच्या व्हरांड्यातल्या भिंतीला एक चीर पडली होती, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत. शाळेच्या चेअरमनचा भाचा इंजिनियर. तो आला, डंपकडे पाठ करून उभा राहिला, भिंत बघितली आणि म्हणाला, प्लास्टरची चीर आहे, लांबी भरा. लांबी भरली. दुसऱ्या दिवशी मामांनी फुटक्या फोटोफ्रेमची काच आणली, तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, आणि चिरेवर आडव्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून चिकटवल्या. खाली चुन्यानं तारीख. खाणीत हीच रीत होती. काच शाबूत आहे तोवर जमीन जागेवर आहे, काच तडकली की समजायचं, सरकली.

पहिली पट्टी महिन्याभरात तडकली. मी म्हटलं, पोरं तिथे चेंडू खेळतात, लागला असेल. मामांनी मला तिथे नेलं आणि बोट लावून दाखवलं.

"चेंडवान काच फुटता, टीचर. अशी मधीच सुतासारखी चीर पडणा नाय."

मी बघितलं. दोन्ही टोकं सिमेंटात घट्ट होती, आणि बरोबर मध्ये केसाएवढी रेघ. मी म्हटलं, बरं, आता तास आहे माझा. आणि वर्गावर गेले. त्या दिवशी मी पोरांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पुढच्या पावसात तीन पट्ट्या तडकल्या. आता टीचर लोकांतही कुजबुज सुरू झाली, आईबापांच्या कानावर गेलं, आणि पालकसभेत एका आजोबांनी मुद्दा काढला की डोंगर पोखरला, माती हलवली, पण तिथल्या राखणदाराला कोणी विचारलं का? आमच्याकडे गावाच्या शिवेला राखणदार असतो. तो शीव राखतो, माणसं राखतो, आणि त्याचा मान त्याला पोचवावा लागतो. सगळ्यांना ते एकदम पटलं. चेअरमनना तर फारच पटलं. रविवारी गावकऱ्यांना बोलावून डंपच्या पायथ्याशी रीतसर गाऱ्हाणं घातलं. नारळ, केळी, रोट, विडा, सगळं. लेकरांना सांभाळ म्हणून मागणं केलं. मीही हात जोडून उभी होते आणि मनापासून जोडले होते, त्यात लाज कसली. नारळाची पिशवी मामांनीच डोक्यावरून आणली होती. राखणदारावर त्यांची आमच्यापेक्षा जास्त श्रद्धा.

आणि त्या वर्षी पाऊस कमी झाला. एकही काच तडकली नाही. बस्स. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. प्रवेशाला आलेल्या आईबापांना हेडबाई आपणहून सांगायला लागल्या की मागचं सगळं आम्ही शांत करून घेतलंय. कोणी शंका काढली तर रांगेतलंच दुसरं कोणीतरी सांगायचं, गाऱ्हाणं झालंय हो, आता काही नाही. काही घरांनी तर आपापल्या देवळात जाऊन मुलाच्या शाळेसाठी कौल घेतला, देवानं उजवा दिला, आणि फॉर्मांची रांग गेटाबाहेर गेली. जागा कमी पडायला लागल्या. मग चेअरमननी ठरवलं की दोन खोल्या वाढवायच्या. पुढे जागा नव्हती. त्या मागे बांधल्या, कुंपणाला टेकून.

पाया खणत होते तेव्हा मी मामांना विचारलं, आता तरी तुमचं समाधान झालं ना, देवाचं सगळं झालं. मला वाटतं मला त्यांच्याकडून 'हो' ऐकायचं होतं. ते खणलेल्या खड्ड्याकडे बघत होते. खड्ड्यात एप्रिल महिन्यात पाणी होतं.

"राखणदार राखता, तां खरा," ते म्हणाले. "पण हय खोल्यो बांदा म्हणान तेणी सांगूक नाय."

नवीन खोल्यांत पहिलीचा 'ब' वर्ग आणि बालवाडी आली. 'अ' वर्ग पुढे, रस्त्याकडे.

त्यांची नोकरी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. जूनचा दुसरा आठवडा, तीन दिवस पावसाला खळ नाही. त्या दिवशी दुसरी यादी लागायची होती, म्हणून पन्नासेक आईबाप छत्र्या घेऊन व्हरांड्यात उभे. मामा मागे जाऊन आले. स्टाफरूमच्या दारात आले नाहीत, सरळ घंटेकडे गेले आणि घंटा बडवायला लागले. थांबेचनात. मग स्वतः मागच्या वर्गांत शिरून पोरांना बाहेर काढायला लागले. दोन दोन पोरं काखेत धरून. सगळी शाळा मैदानात, पावसात. हेडबाई ओरडतायत, पोरं किंचाळतायत, आईबाप आपापलं पोर शोधत धावतायत. मी मामांचा दंड धरला आणि विचारलं, काय झालं काय?

ते म्हणाले, पायथ्याशी रोज लाल पाणी वाहायचं, ते आज बंद झालंय. मला काही समजेना. पाणी बंद झालं म्हणजे चांगलंच ना?

"येता तवसर बरा," ते म्हणाले. "इतको पाऊस पडता, आणि पाणी भायर येणा नाय. मगे तां खय गेला?"

दीड तास आम्ही मैदानात उभे होतो. सगळे डंपकडे बघत. पाऊस इतका की डंपचा वरचा भाग दिसत नव्हता. काही झालं नाही. साडेअकराच्या सुमाराला पायथ्याशी पुन्हा लाल पाणी वाहायला लागलं, मामांनी जाऊन बघितलं आणि येऊन म्हणाले, नेवा आत. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. दुसऱ्या यादीतल्या चार जणांनी तिथेच नावं काढून घेतली आणि बालवाडीतल्या एका पोराला ताप भरला.

तीन दिवसांनी त्यांना काढलं. काढल्याचं पत्र मराठीत हवं होतं, कारण मामांना मराठी वाचता येतं, आणि मराठी लिहायला शाळेत मी. 'आपली वर्तणूक शाळेच्या हितास बाधक ठरल्याने' असं मी लिहिलं. चेअरमननी सांगितलं ते लिहिलं म्हणा, पण 'बाधक' शब्द माझाच. मामांनी ते बोट ठेवून वाचलं, सही केली, किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवला. मग मला म्हणाले, पाऊस मोठा झाला की पायथ्याला पाणी वाहतंय का तेवढं बघत जा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

ते गेल्यावर काचा खरवडून काढल्या. त्या भिंतीवर हत्ती, ससा, इंद्रधनुष्य रंगवलं. फार सुंदर झालीय ती भिंत. हल्ली पालकांना आम्ही मुद्दाम दाखवतो.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा मेजावर मीच होते. आता पंखा आहे. शेवटचा दिवस, रांग मोठी नव्हती. मी मान खाली घालून फॉर्म तपासत होते आणि समोर एक हात आला, पातळ, लांब बोटांचा. मी वर बघायच्या आधीच ओळखलं. मामांनी पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पायांत चपला होत्या. शेजारी सहा वर्षांची मुलगी. गौरी. नात.

मी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. त्यांनीच दोन वाक्यांत सांगितलं. गावची सरकारी शाळा पोरं नाहीत म्हणून बंद झाली. मुलगा पेडण्याला विमानतळावर कामाला आहे, पहाटे जातो, रात्री येतो, त्याला मुलीला इंग्रजीत घालायचंय, आणि घरापासून बस फक्त याच शाळेची येते. झिलान आयकला नाय, म्हणाले. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. ज्या माणसानं इतकी वर्षं लोकांना सह्या करण्यापासून थांबवलं, तो आज स्वतः पेन मागत होता.

मी फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, रक्तगट. त्यांनी विचारलं, वर्ग कुठला? मी म्हटलं, 'ब'. त्यांनी मागच्या खोल्यांकडे बघितलं. मग म्हणाले, पुढचा गावला तर बघा. सगळ्या आयुष्यात त्या माणसानं मला मागितलेली ही एकच गोष्ट.

आणि मी काय केलं? नियम सांगितला. फॉर्म ज्या क्रमानं आले त्या क्रमानं पहिली तीस नावं 'अ'मध्ये, पुढची तीस 'ब'मध्ये, गौरीचा फॉर्म आज आला, तिला पुढे घ्यायचं तर पुढचं कोणीतरी मागे पाठवावं लागेल. अगदी सरकारी आवाजात सांगितलं. त्यांनी यादी बघायला मागितली. ती मेजावरच होती. मला ती ओढून घेता आली असती.

त्यांनी चष्मा लावला आणि 'अ'च्या यादीवर बोट ठेवलं. बोट हळूहळू खाली सरकत होतं. पत्र वाचताना सरकलं होतं तसंच. ते कुठे थांबणार हे मला माहीत होतं. ओवी परब, तिसावं नाव. माझी मुलगी. तिचा फॉर्म मी सगळ्यांत उशिरा, आदल्या दिवशी भरला होता. नवरा पणजीला, मुलीला माझ्याशिवाय कुठे ठेवणार, म्हणून शाळा हीच घ्यावी लागली, पण भरू की नको करत महिना घालवला होता. नियमाप्रमाणे ती 'ब'मध्ये जायला हवी होती. मी तिला 'अ'मध्ये घातलं होतं आणि तिच्या जागेचं एक नाव खाली ढकललं होतं. त्या पोराची आई काजूच्या फॅक्टरीत जाते, तिला 'अ' पुढे की 'ब' पुढे हेही ठाऊक नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"ह्यां तुमचा चेडू मां?"

मी म्हटलं, हो.

त्यांनी चष्मा काढला. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. इतकी वर्षं मला 'तुमी' म्हणणारे ते मामा, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले,

"म्हणजे तुका कळलेला." आणि चष्मा खिशात ठेवत, "बरा झाला. येकाक तरी कळला."

मला रडू फुटलं असतं, रांगेत माणसं होती. मी पेन उचललं. म्हटलं, मामा, गौरीला पुढे घेते, मी करते काहीतरी. ते म्हणाले, "कोणाक काडतलंस?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. मी यादीकडे बघत बसले. एकोणतीस नावं होती. सगळी पोरं माझ्या डोळ्यांसमोरची, मीच त्यांना रंग विचारले होते, चिमणी कशी ओरडते विचारलं होतं. मी एकही नाव घेऊ शकले नाही. त्यांनी माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि 'ब'च्या फॉर्मवर, खालच्या रेघेवर सही केली.

मला वाटलं आता जातील. पण ते गौरीचा हात धरून मागे गेले. माझ्या मेजावरून मागच्या वर्गाचा दरवाजा सरळ रेषेत दिसतो. त्यांनी तिला वर्गात नेऊन तिसऱ्या बाकावर बसवलं, स्वतः दारात उभे राहिले, आणि म्हणाले, धाव. ती उठली, दारातून बाहेर, व्हरांड्यातून, माझ्या मेजाला वळसा घालून गेटापर्यंत धावत गेली. मामा मोठ्यानं आकडे म्हणत होते. चौतीस. परत आणली, परत बसवली. धाव. एकतीस. वाटेत कुंडी होती, तिला अडखळली, तर त्यांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली. अठ्ठावीस.

रांगेतल्या पोरांना खेळ सुरू झालाय असं वाटलं. एक गेलं, दुसरं गेलं. माझ्या शेजारी ओवी चित्र रंगवत बसली होती, तिनं खडू टाकले आणि तीही पळाली. मी तिला अडवलं नाही. मामांनी सगळ्यांना बाकांवर बसवलं, ओवीलाही, आणि सगळ्यांना मिळून मोजलं. दारात गर्दी झाली तशी त्यांनी सांगितलं, ढकलायचं नाही, हात धरून. आईबाप हसत होते. एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. मामांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

पाचव्यांदा की सहाव्यांदा गौरी माझ्या मेजापाशी थांबली. धापा टाकत मागे वळून बघितलं, व्हरांड्यात कोणी नव्हतं, फक्त मामा दारात उभे. तिनं तिथूनच विचारलं, आज्या, माझ्या पाठी कोण लागलाय?

"कोण नाय गे," मामा म्हणाले. "मागे बगू नको. धाव."

ती धावली. मामा आकडे म्हणत तिच्या मागोमाग गेटापर्यंत गेले, तिचा हात धरला आणि बसस्टॉपकडे वळले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

शाळा सोमवारी सुरू होते. यादी मी अजून बदललेली नाही.